लिंबू-कुळातल्या दिघेबाई

दिघेबाईंनी हातावर पान ठेवलं, की ते चुरगळून नाकाशी नेल्याखेरीज सुटका नसे. मग तुम्ही शाळेतली मुलगी असा, तपासणीला आलेले साहेब असा, नाहीतर दूध घालायला आलेली गवळण. बाई समोर उभ्या राहून वाट पाहत. वास घेऊन झाला, की विचारत, "सांगा, कोनाच्या घरचं?"

झाडाचं नाव त्या कधीच विचारत नसत. घर विचारत.

विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच सुमारास मी दारव्ह्याच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. दिघेबाई तिथे विज्ञान शिकवत. वय तिशी ओलांडलेलं, लग्न झालेलं नव्हतं. अंगाने किरकोळ, नेसण फिक्या रंगाचं, उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कायम हिरवट. मुली पाठीमागे त्यांना 'चुरगळेबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. हजेरी घेताना एकदा एक मुलगी चुकून तसं बोलून गेली, तर बाई म्हणाल्या, "आडनाव चांगलं आहे. दिघेपेक्षा कामाचं आहे."

त्यांचा सगळा जीव एका कुळावर होता. लिंबू, संत्रं, बेल, कवठ, गोडलिंब यांचं ते कूळ. वर्गात त्या ते असं शिकवत, की मुली घरी जाऊन आयांना सांगत. "डोळ्यानं पाहाल तर बेल न् लिंबू परके वाटतात. नाकाले विचारा. मग पान उजेडात धरा. टाचणीनं टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात ना? त्या तेलाच्या थैल्या. या घरच्या सगळ्यायले त्या आहेत. बेल हा घरातला थोरला, संन्यासी झाला. कवठाचं डोकं टणक, कोनाशी बोलत नाही. संत्रं नागपूरले गेलं न् पैसेवालं झालं. गोडलिंब ही सून. फोडणीत पहिली, न् ताटातून बाहेर टाकायलेही पहिली!"

मुली हसत. बाई मात्र हसत नसत. त्या या झाडांबद्दल सोयऱ्याधायऱ्यांबद्दल बोलावं तशा बोलत. कोण कोणाचं लागतं हे विसरू नये म्हणून कोणीतरी बोलत राहायला हवं, तशा.

मला जागा मिळाली ती त्यांच्याच घरात. वडील वकील होते, ते वारले होते. घरात बाई आणि त्यांच्या आई, सगळ्यांच्या माई. अंगणात कुंतीचं मोठं झुडूप होतं; तीही लिंबाच्याच कुळातली. पावसाळ्यात ते पांढऱ्या फुलांनी भरून गेलं, की वास खोलीत येऊन बसे. उठवला तरी उठत नसे. मला दिलेली खोली कोपऱ्यातली, कुंतीकडे खिडकी असलेली. पहिल्याच संध्याकाळी दिवेलागणीला मी दार लोटून कपाटात पुस्तकं लावत होते. दाराबाहेर पावलं वाजली. दाराशी काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला, आणि माईंचा आवाज आला. हळू, लाडका.

"आलास?"

मी दार उघडलं. माई पाठमोऱ्या चालल्या होत्या. उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या होता, त्यावर फुलपात्र उपडं घातलेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना बाईंनी न विचारताच सांगितलं. "ती वसंताची खोली. माझा भाऊ. तांब्या असू द्या दाराशी, ओलांडून जात जा. त्याले यायला उशीर झाला तर तहान लागली असेल, असं माईले वाटते."

"कुठे असतात ते?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शाळेचा हॉल पाहिला नाही वाटते अजून."

हॉलमध्ये मी गेले तेव्हा समजलं. समोरच्या भिंतीवर मोठी तसबीर होती. डोक्यावर पांढरी टोपी, करारी जबडा, नजर लांब कुठेतरी. खाली लिहिलं होतं, 'हुतात्मा वसंत दिघे'.

गावात ही हकिकत सगळ्यांना पाठ होती. बेचाळीसच्या ऑगस्टात वसंत नागपूरच्या कॉलेजातून घरी आला, आणि एका सकाळी खांद्याला झोळी लावून निघून गेला. तो भूमिगत झाला. कोणी म्हणे, चिमूरकडे गेला. कोणी म्हणे, मुंबईला. पोलिसांच्या गोळीने गेला, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. दर पंधरा ऑगस्टला माईंना पहिल्या रांगेत खुर्ची देत. त्या तसबिरीला हार घालत, मुली गाणं म्हणत, बुंदी वाटली जाई. बाई आईच्या शेजारी बसत. त्यांचा चेहरा तेव्हा कोऱ्या पाटीसारखा असे.

हळूहळू मला घराची रीत कळली. दिवसा माई हुतात्म्याच्या आई असत, ताठ, कमी बोलणाऱ्या. दिवेलागणीला त्या नुसत्या वसंताच्या आई होत. दारापाशी "आलास?" ऐकायची मला सवय झाली नाही. एकदा मी आतून म्हटलं, "नाही माई, मीच आहे." बाहेर बराच वेळ काही हललं नाही. मग तांब्या ठेवल्याचा आवाज आला. तेव्हापासून मी काही बोलत नसे. त्या वेळी श्वासही जपून घेई.

बाईंनी मला खरी गोष्ट सांगितली ती पावसाच्या एका दुपारी, शाळेच्या प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, चार बरण्या आणि वर्तमानपत्रात दाबून ठेवलेल्या पानांचे गठ्ठे.

"वसंता वनस्पतीशास्त्र शिकत होता. टोपी त्यानं जन्मात घातली नाही, त्याचं डोकं दुखे. आपल्या अंगणातली कुंती लावलेली आहे. ती रानात आपणहून येते का, हे त्याले पाहायचं होतं. मले म्हणाला, बोरीच्या पलीकडं घाटाच्या नाल्यात असते म्हणतात, पावसात फुललेली सापडेल. येतोच. अन् गेला."

"मग तुम्ही सांगितलं नाही कोणाला?"

"सगळ्यायले सांगितलं. गावात पकडापकडी सुरू होती. पोलीस आले तेव्हा मी सांगितलं, भाऊ झाडं पाहायला गेला. बाबांनी आत नेऊन माझ्या पाठीवर थाप मारली. शाबास पोरी, म्हणे, बरोबर चकवलंस! जो तो डोळा मिचकावे. मी रडून सांगितलं, तर म्हणत, किती बेमालूम करते. कोणी शोधायले गेलंच नाही. पुढं पुढं मलेही वाटायले लागलं, का मीच त्याले ओळखत नव्हती. आपल्या भावानं आपल्यालेही फसवलं असन."

त्या उठून बरण्या पुसू लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्याची पुस्तकं घरात पडली होती, म्हणून मी हाच विषय घेतला. हॉलमधला तो मुलगा मले ओळखत नाही. पंधरा वर्षं झाली, घरात तो राहते. माझा भाऊ काही येत नाही."

त्या बरण्या पुसत होत्या आणि बाहेर पाऊस पडत होता. 

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही बोरी अरबला गेलो. बाई भावाचा माग काढायला चालल्या नव्हत्या. ती आशा त्यांनी कधीच सोडली होती. कुंतीचं बी धरलं असेल, रानातली कुंती आहे की नाही हे एकदाचं पाहून टाकू, असं त्यांच्या मनात आलं. बोरीपर्यंत मोटार, पुढे ओळखीच्या पाटलाची दमणी, हलकी बैलगाडी. डोंगराच्या पायथ्याशी लमाणांचा एक तांडा होता. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर फिरणारी ही माणसं आता तिथे कापूस पेरत होती. गाडीवान पाणी मागायला थांबला. तांड्याच्या तोंडाशी एक म्हातारी बाजेवर शेंगा फोडत बसली होती. हातभर पांढऱ्या बलोती बांगड्या, घागऱ्यावर आरशांचं भरतकाम. तिला सगळे झमकू याडी म्हणत. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

बाई तिच्या अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. तिथे कुठल्याशा झुडपाचं पान त्यांनी सवयीने तोडलं, अंगठ्याखाली चुरगळलं, डोळे मिटून नाकाशी नेलं.

म्हातारीच्या हातातली शेंग खाली पडली.

"अस्साच," ती म्हणाली. "अस्साच करे थो."

"कोन?" बाईंनी विचारलं.

म्हातारीने गाडीवानाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग कायसं मनाशी ठरवल्यासारखी बोलू लागली. "लय सालं झाली माय. पानी लय पडून राह्यलं होतं. एक पोरगा आलता, शहरातला. झाडाचा पाला तोडे न् नाकाले लावे. आमच्या लेकरायले गंमत वाटे. मंग त्याले ताप भरला. हीव भरून थरथर कापे. मी इथंच घेतला त्याले, माह्या खोपटात. भेऱ्याच्या झाडाचा पाला जाळून धूर केला, काढा पाजला. नाल्याले पूर होता, बैलगाडी जाय ना. पानी मांगे सारखं. मी पाजो."

"काही बोलला?"

"तापात बोले. मनी, मनी करे. आमाले वाटलं, घरी मांजर असन त्याची."

बाई जागच्या जागी खाली बसल्या, मातीतच. म्हणाल्या, "मनी मीच."

त्यांना घरात मनू म्हणत, शाळेत मनोरमा. मनी म्हणणारा एकच होता.

म्हातारीने त्यांच्याजवळ येऊन त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि ती मोठ्याने रडू लागली. लमाण बायका रडतात तशी, गात गात. तांड्यातल्या आणखी बायका आल्या, त्यांनी सूर धरला. कोण, काय, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. बाईंच्या डोळ्यात पाणी नव्हतं. पंधरा वर्षं त्या भावासाठी घरात कोणी मोठ्याने रडलं नव्हतं. हुतात्म्यासाठी कोणी रडत नाही.

मग तांड्याचा नाईक आला, पागोटं सावरत. तो हात जोडूनच बोलला. "बाई, तवा आमची रोज हजेरी घेत पोलीस. जातच चोराची, असं लिहून ठेवलं होतं सरकारनं. शहरातलं शिकलेलं पोरगं तांड्यात मेलं म्हनून कोनी सांगितलं असतं, तं आख्खा तांडा जेलात गेला असता. काहून मेलं, हे कोन आयकते? आमी भेलो. लगीन नव्हतं झालं त्याचं, म्हनून आमच्या रीतीनं मातीत ठेवला. त्याची झोळी त्याच्यासंगं ठेवली. पालाच पाला होता तिच्यात."

त्याने आम्हाला जागा दाखवली. चहूकडे पऱ्हाटीचं शेत, बोंडं फुटायला लागलेली, आणि मधोमध चार हातांचा एक तुकडा गवताने भरलेला. त्यात दगडांची ओबडधोबड रास. "जमीन आमची झाली, तवापासून वखरून राह्यलो," नाईक म्हणाला, "पन एवढा तुकडा सोडला. वखर आडवा लावाले हात होत नाही."

दगडांजवळ कुंती नव्हती. बाईंनी नाल्यातही पाहिलं, मिळाली नाही. त्याला ती सापडली होती की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. परतताना दमणीत त्या एवढंच म्हणाल्या, "इतक्या जवळ होता. माईच्या हाकेच्या अंतरावर म्हटलं तरी चालते."

त्या हिवाळ्यात बाई घरी काहीच बोलल्या नाहीत. तांब्या दाराशी येत राहिला. "आलास?" येत राहिलं. फरक इतकाच, की तो आवाज आला की बाई स्वयंपाकघरातलं काम टाकून मागच्या दारी जाऊन उभ्या राहत. पूर्वी घरात नसलेल्या माणसाची वाट पाहिली जात होती. आता घरातलं एक माणूस गेलेलं होतं, आणि ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मला त्या खोलीत बसवेना. मी वह्या तपासायला ओसरीवर बसू लागले.

पाऊस सुरू झाल्यावर शाळेच्या नव्या हॉलचं बांधकाम पुरं झालं. पंधरा ऑगस्टला उद्घाटन, आणि हॉलला वसंताचं नाव, असं ठरलं. मुख्याध्यापिका स्वतः पेढे घेऊन घरी आल्या. माईंनी पेढा देवापुढे ठेवला. बाई मला म्हणाल्या, "आता दगडावर कोरतील. आता थो कधीच परत येणार नाही."

मी म्हटलं, "माईंचा विचार करा. या वयात त्यांच्याकडून हे काढून घेणार?"

"काय काढून घेणार? तिच्यापाशी आहे काय? भिंतीवरचा एक परका पोरगा न् एक तांब्या."

त्या संध्याकाळी माई तांब्या घेऊन निघाल्या, तेव्हा बाईंनी त्यांना वाटेतच धरलं आणि ओसरीवर बसवलं. मी आत जायला लागले, तर बाईंनी हाताने थांबवलं. मग सगळं सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. नाला, ताप, खोपट, दगडांची रास. माई ऐकत होत्या. तांब्या त्यांनी मांडीवरच धरला होता. कुंती तेव्हा ऐन फुलावर होती, त्या वासाने जीव घुसमटत होता.

माईंनी एकच विचारलं. "तहानलेला गेला का गं?"

"नाही माई. पाजलं पाणी. मागेल तेव्हा पाजलं."

"कोणी?"

बाईंनी तांब्याकडे पाहिलं. माई सोवळ्याओवळ्याच्या कडक होत्या. "तांड्यातल्या एका बाईनं."

माईंनी अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिच्या हाताला यश येवो." तांब्या त्यांनी स्वतः उचलला, अंगणात गेल्या आणि पाणी कुंतीच्या बुंध्याशी ओतलं. परत येऊन फुलपात्र कोनाड्यात पालथं ठेवलं. मग पदर तोंडाशी धरून त्या रडल्या. इतक्या वर्षांचं रडणं इतकं हळू असेल, असं मला वाटलं नव्हतं.

पंधरा ऑगस्टला आपण दोन शब्द बोलणार, असं बाईंनी कळवलं तेव्हा मुख्याध्यापिकांना आनंदच झाला. बाई एरवी सभेत कधी बोलत नसत. हॉल भरला होता. बाई उभ्या राहिल्या, टेबलाची कड धरली.

"माझ्या भावाले गोळी लागली नाही," त्या म्हणाल्या. "तो लपलाही नव्हता. तो बोरीच्या डोंगरात एक झाड पाहायला गेला होता. तिथं हिवतापानं गेला. लमाणांच्या तांड्यानं त्याची सेवा केली, त्याले माती दिली. तो शूर होता का, मले माहीत नाही. त्याले पालींची भीती वाटे. बेचाळीसमध्ये खरोखर जेलात गेलेली माणसं आपल्या गावात आहेत, या हॉलमध्येही बसली आहेत. त्यांचं नाव द्या याले. माझ्या भावाचं नाव मले परत द्या."

त्या खाली बसल्या. मागून कोणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि मध्येच थांबवली. मग पाहुण्यांनी घाईघाईने फीत कापली, बुंदी वाटली गेली, आणि लोक एकमेकांकडे न पाहता घरी गेले.

गाव रागावलं. भावाच्या नावावर माती टाकली म्हणाले. लग्नाविना राहिल्याने डोक्यावर परिणाम झाला म्हणाले. बाजारात बायका त्यांना पाहून बोलायच्या थांबत. एक जुने गृहस्थ, स्वतः तुरुंगात जाऊन आलेले, मात्र दुसऱ्याच दिवशी घरी आले, ओसरीवर बसले, चहा प्यायले, आणि एक शब्द न बोलता गेले. हॉलला कोणाचंच नाव लागलं नाही. लोक त्याला नवा हॉल म्हणत राहिले.

तसबीर शाळेच्या शिपायाने वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणून दिली. बाईंनी ती अडगळीत ठेवायला उचलली, तर माई म्हणाल्या, "राहू दे ओसरीवर. याला तरी कुठं हाकलू? इतकी वर्षं माझ्या हातचे हार घातलेत याला." आणि तो टोपीवाला अनोळखी तरुण त्या घरात राहिला. कोणी त्याच्याशी बोलत नसे, पण झाडताना माई त्याची काच पुसत.

एकदा मी बाईंना विचारलं, आता बरं वाटतं का. त्या म्हणाल्या, "आता स्वप्नात येते थो. तापलेला असते. पाणी मागत नाही. नुसता पाहत राहते, का मी कोणत्या झाडाजवळ उभी आहे." याला बरं वाटणं म्हणायचं की नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही.

महाराष्ट्र झाला, त्यानंतर माझं लग्न झालं आणि मी वणीला आले. माई गेल्याचं कळलं, जाणं जमलं नाही. दिघेबाईंना मी पुन्हा पाहिलं ते एकदाच, काही वर्षांनी, वणीच्या मोटार स्टँडवर, एका उन्हाळ्यात. मुकुटबनची गाडी लागली होती. खिडकीशी एक लमाण म्हातारी बसली होती, एका डोळ्यावर पांढरी पट्टी. वणीत तेव्हा डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. बाजूला बाई होत्या. केस बरेच पिकलेले.

मी खिडकीखाली गेले. बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, "झमकू याडी. हिची लेक मुकुटबनकडं दिलेली, तिथंच असते आता. मोतीबिंदू काढला." म्हातारीने उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. ओळखलं की नाही, कोण जाणे.

कंडक्टरने तिकिटं फाडत विचारलं, "म्हातारी कोन तुमची?"

बाई म्हणाल्या, "आमच्या घरची आहे."

गाडी सुटली. रस्ता कच्चा होता, धुरळा उठला. खिडकीला काच नव्हती. बाईंनी म्हातारीच्या पुढून हात लांब करून पदर खिडकीवर आडवा धरला, वारा आणि धूळ त्या पट्टीला लागू नये म्हणून. गाडी वळणावर जाईपर्यंत तो हात मला दिसत होता. धक्के बसत होते, तरी तो खाली आला नाही.